ऑनलाइन ई-सायकल घेतली तर बेळगाव भागात वॉरंटीचं कसं जमवायचं?

येळ्ळूर_वेस
येळ्ळूर ते उद्यमबाग, येणंजाणं मिळून दिवसाला पंधराएक किलोमीटर. लायसन-पासिंगची भानगड नको म्हणून २५० वॉटची ई-सायकल बघतोय. पाहिजे ते मॉडेल इथल्या दुकानांत नाही, ऑनलाइन मिळतंय. पण सर्व्हिस सेंटर पुण्याला, नाहीतर बेंगळूरला. बंद पडली तर काय करायचं? आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या पाव्हण्यांच्या पत्त्यावर मागवली तर काही फायदा आहे काय?

दोन_चाकी
आधी बॅटरी बघा. समजा ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-अवरची असेल, तर गुणून २७० वॉट-अवर वीज मावते. पायडल मारत गेलात तर किलोमीटरला ८-१० वॉट-अवर जातात, नुसत्या थ्रॉटलवर (पायडल न मारता, मूठ पिळून) १२-१५. म्हणजे नवी असताना थ्रॉटलवर वीसेक किलोमीटर. जाहिरातीतला '५० किमीपर्यंत'चा आकडा सपाट रस्ता, हलका माणूस आणि सगळ्यात कमी असिस्ट (पायडलला मोटरची मदत) धरून काढलेला असतो. बॅटरी वर्षागणिक उतरतेच, म्हणून तुम्हाला १० अँपिअर-अवरच्या खालची नको.

लायसन नको असेल तर मोटरची शक्ती पाव किलोवॉटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत पाहिजे. शिवाय एआरएआय किंवा आयकॅटसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र. ते विक्रेत्याकडून मागूनच घ्या. 'वेगाचं लॉक काढून ३५ ने पळवून देतो' म्हणणारे भेटतील. तसं केलं की ती कायद्याने मोटारगाडी होते, आणि वॉरंटीही जाते.

हब_मोटर
पिनकोड टाकल्यावर 'डिलिव्हरी उपलब्ध' दिसलं म्हणजे सर्व्हिस आली असं नाही. शहरात ५९० ने सुरू होणाऱ्या पिनला एखाद्या वेळी मेकॅनिक येईल, तालुक्यात ५९१ चा पिन लागला की 'सायकल आमच्याकडे पाठवा' सुरू. म्हणून पैसे भरायच्या आधी कंपनीला ईमेल करून विचारा: माझ्या पिनकोडला मेकॅनिक येतो का? पार्ट परत न्यायचा खर्च कुणाचा? बॅटरी, मोटर, कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा), चार्जर यांची वॉरंटी किती-किती महिने, आणि ती बिलाच्या तारखेपासून की डिलिव्हरीच्या? फोनवरचं बोलणं नंतर कामाला येत नाही. लेखी उत्तर देत नसतील तर ते मॉडेल सोडा.

खरी अडचण बॅटरीची. सुटी लिथियम बॅटरी वाहतुकीत धोकादायक मालात मोडते. साधा कुरिअरवाला काउंटरवरूनच परत पाठवतो, आणि खोटं लिहून पाठवायच्या फंदात पडू नका. पिकअप कंपनीनेच लावायचा, त्यांच्याच खोक्यातून. हे कलम नसेल तर दोन वर्षांच्या वॉरंटीला काही अर्थ नाही.

दोन_चाकी
त्यात भर. रिटर्नची मुदत बहुतेक ठिकाणी ७-१० दिवसांची असते. वॉरंटीपेक्षा ही मुदत जास्त मोलाची. खोकं उघडताना सलग व्हिडिओ घ्या: लेबल, फ्रेम नंबर, बॅटरी आणि मोटरचा नंबर, वाकलेली डिस्क, चेपलेलं फोर्क. मुदत संपेपर्यंत खोकं टाकू नका.

जोडणी जवळच्या सायकल दुकानातून करून घ्या, पण उभं राहून बघा. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, जोर लावला की क्रँक गेला. हब मोटरच्या (चाकाच्या मध्यातल्या मोटरच्या) ॲक्सलला टॉर्क वॉशर असतो, त्याचा दात फ्रेमच्या खाचेत बसलाच पाहिजे. नाही बसला तर ॲक्सल फिरतो, वायर पिळून तुटते, आणि कंपनी 'चुकीची जोडणी' म्हणून हात वर करते. लगेच एकदा पूर्ण चार्ज करून कटऑफपर्यंत, म्हणजे बॅटरी आपोआप बंद होईपर्यंत, चालवा. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ च्या आसपास दाखवते. ४० च्या वर चढतच नसेल तर बॅटरी नाहीतर चार्जर गडबड आहे. बदलून मागा.

येळ्ळूर_वेस
व्होल्ट मोजायचं मीटर आहे, बघता येईल. पावसाळ्याचं काय ओ? आमच्याकडे चार महिने चिखल.

जांबोटी_रोड
पावसात चालते, प्रेशर वॉशरखाली मरते. आयपी रेटिंग (धूळ-पाणी किती अडवतं त्याचा आकडा) बॅटरी, मोटर आणि डिस्प्लेचं वेगवेगळं असतं. बहुतेक वेळा आधी जातो डिस्प्ले, नाहीतर कनेक्टर. केबल आत शिरते तिथे खाली लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पाणी ठिबकून जातं, आत जात नाही.

पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर बॅटरी रिकामी ठेवू नका. आतलं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) थोडी-थोडी वीज खातच असतं. सेल फार खाली गेले की चार्जर चार्जिंग सुरूच करत नाही, आणि याला कंपन्या 'निष्काळजीपणा' म्हणतात. निम्म्याच्या वर चार्ज ठेवा, महिन्यातून एकदा बघा.

हब_मोटर
तक्रार करताना 'चालत नाही' एवढंच लिहू नका, पंधरा दिवस प्रश्नोत्तरांत जातात. असिस्ट येत नसेल तर आधी ब्रेक लिव्हरच्या सेन्सरची पिन काढून बघा. बऱ्याचदा लिव्हर पूर्ण परत येत नाही आणि कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबलाय. चढावर बंद पडत असेल तर डिस्प्लेचे व्होल्ट दिसतील असा व्हिडिओ काढा. सपाटीला ३८ आणि चढावर धाडकन ३१ होऊन बंद, म्हणजे बॅटरीतला एखादा सेल गट कमजोर. एरर कोड, बिल, नंबरांचे फोटो एकाच ईमेलमध्ये. बॅटरीचं सील स्वतः फोडायचं नाही.

दाद नाही दिली तर कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला (तक्रार अधिकाऱ्याला) लिहा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण द्यावं लागतं. मग १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, तिथे मराठीत बोलता येतं. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. पहिला ईमेलच इंग्रजीत केलात तर तोच मसुदा पुढे आयोगापर्यंत चालतो.

आणि शिनोळीचा पत्ता नको. पिकअप बऱ्याचदा नोंदवलेल्या पत्त्यावरूनच होतो. दर वेळी सायकल घेऊन पाव्हण्यांच्या दारात जाणार काय? बिल तुमच्या नावावर, तुमच्या पत्त्यावर.

येळ्ळूर_वेस
पटलं. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं, चार्जरला धोका?

जांबोटी_रोड
चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' छापलंय का बघा, मग १७० लाही चालतो. फक्त २२० लिहिलेला असेल तर रात्री दहानंतर लावा.