पन्नाशीनंतर फाउंडेशन निवडताना : तुमचा अनुभव काय? (अनुभव धागा)

गेल्या मार्गशीर्षात मुलीचे लग्न झाले आणि अल्बम हातात आला त्या दिवसापासून हा धागा काढायचे मनात होते. माझे वय ५९, वर्ण गव्हाळ, वास्तव्य पुण्यात. आयुष्यभर पावडर आणि काजळ यांपलीकडे मी कधी गेले नव्हते. लग्नघरी मेकअप करायला आलेल्या मुलीने 'काकू, फोटोत छान येतं' असे म्हणत माझ्या रंगाहून दोन छटा उजळ फाउंडेशन लावले आणि त्यावर भरपूर पावडर फिरवली. गौरीहराच्या वेळी ते बरे दिसले. सप्तपदीपर्यंत मात्र होमाच्या धगीने आणि घामाने ते डोळ्यांखाली व नाकाच्या दोन्ही बाजूंच्या रेषांत जमून बसले. फोटोंत चेहरा राखाडी आणि मान, हात माझ्या रंगाचे. पाठवणीच्या फोटोत गालांवरून अश्रूंचे दोन ओघळ उतरलेले स्पष्ट दिसतात, कारण त्या सबंध चेहऱ्यावर माझी स्वतःची त्वचा तेवढ्या दोन ओळींपुरतीच उरली होती. तो फोटो मला अजून पाहवत नाही.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घ्यायचे ठरवले. मनगटावर लावून पाहून घेतलेल्या दोन बाटल्या वाया गेल्या, कारण मनगटाची आतली बाजू चेहऱ्याहून उजळ असते. आता मी जबड्याच्या कडेला तीन छटांच्या उभ्या रेघा ओढते, दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात येते आणि अर्धा तास थांबते. काही फाउंडेशने त्वचेवर लागल्यानंतर थोड्या वेळाने गडद होतात, त्यामुळे दुकानातल्या दिव्याखाली लगेच घेतलेला निर्णय हमखास चुकतो. गाल आणि मान या दोहोंत जी रेघ मिसळून जाते, ती माझी छटा.

आपले वय, वर्ण, गावची हवा, काय फसले आणि काय जमले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

नागपूर, वय ६३

तुमचा पाठवणीचा फोटो वाचून गलबलले. माझी अडचण छटेची नव्हती, कोरडेपणाची होती. चाळिशीत माझी त्वचा तेलकट होती, म्हणून मी मॅट, म्हणजे चमक न येऊ देणारे, फाउंडेशन वापरू लागले आणि साठी उलटली तरी तेच वापरत राहिले. दुपारपर्यंत चेहरा ओढल्यासारखा होई आणि तोंडाच्या कडेला बारीक पोपडे दिसत. रजोनिवृत्तीनंतर त्वचेतले तेल कमी होते आणि पहिल्या पाच वर्षांत कोलॅजेन (त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन) ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते, असे माझ्या त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले, तेव्हा कुठे लक्षात आले की त्वचा बदलली होती आणि बाटली मात्र जुनीच राहिली होती.

आता ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक अॅसिड असलेले मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटे थांबते. तेवढ्यात चहा होतो. मग पातळ, ओलसर दिसणारे फाउंडेशन दोन्ही गालांवर मिळून हरभऱ्याच्या दाण्याएवढे घेते आणि ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजने थोपटून पसरवते. घासायचे नाही, थोपटायचे. घासले की ते रेषांत जाऊन बसते. वैशाखात मात्र मी फाउंडेशनच्या वाटेला जात नाही. आमच्याकडचे ऊन ज्यांनी पाहिले आहे त्यांना कारण सांगायला नको.

मुंबई, वय ६६

मी तीसेक वर्षे नाटकांच्या रंगपटात रंगभूषेचे काम केले, म्हणून चेहरा राखाडी का दिसतो याविषयी थोडे सविस्तर लिहिते. फाउंडेशनचा रंग मुख्यतः चार रंगद्रव्यांच्या मिश्रणातून होतो : पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पिवळे, तांबडे व काळे अशी तीन लोह ऑक्साइडे. गव्हाळ किंवा सावळ्या वर्णाची छटा करताना पांढरा कमी करून पिवळा आणि तांबडा योग्य प्रमाणात वाढवावा लागतो. ते न करता उजळ छटेत नुसता काळा वाढवला, किंवा सावळ्या त्वचेवर पांढरा जास्त असलेली छटा लावली, की चेहऱ्यावर राख उडाल्यासारखी दिसते. त्यात फोटोचा फ्लॅश पडला तर पांढरी द्रव्ये तो प्रकाश परत फेकतात आणि चेहरा मानेपासून वेगळा होतो. तुमच्या अल्बममध्ये नेमके हेच घडले असणार. आमच्या गुरूंच्या काळी सफेद्यात पिवडी कालवून रंग तयार करीत, आणि पिवडी किती घालायची यावरच माणसाचा हात ओळखला जाई. बाटली विकत मिळू लागली, तरी पारख तीच आहे.

आपल्याकडे बऱ्याच जणींच्या त्वचेत पिवळसर किंवा किंचित हिरवट झाक असते. तिच्यावर गुलाबी झाकेचे फाउंडेशन लावले की ते त्वचेत न मुरता वर तरंगत राहते. मनगटाच्या नसांचा रंग पाहून झाक ठरवावी असे सर्रास सांगितले जाते, परंतु सावळ्या हातावर नसा धड दिसतच नाहीत. त्यापेक्षा खिडकीशी बसून, चेहरा धुतल्यावर, हनुवटीखाली पांढराशुभ्र रुमाल धरावा. शुभ्र रंगाशेजारी त्वचेतला पिवळेपणा किंवा तांबूसपणा आपोआप वर येतो. डोळ्यांखालची काळी वर्तुळे झाकण्यासाठी उजळ कन्सीलर (डाग झाकणारे दाट प्रसाधन) थेट लावू नये, तिथे करडा डाग पडतो. आधी केशरी झाकेच्या करेक्टरचा (काळेपणा मारणाऱ्या रंगीत प्रसाधनाचा) अगदी पातळ थर बोटाने थोपटावा, मग आपल्या छटेचे फाउंडेशन.

आणखी एक गोष्ट मला तळमळीने सांगावीशी वाटते. रंगमंचावरची रंगभूषा शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी असते, म्हणून तिथे जाड थर चालतो. लग्नात माणूस आपल्याशी हातभर अंतरावरून बोलतो. वयस्क अभिनेत्रींना घरच्या कार्यासाठी तयार करताना मी नाकाच्या बाजू, हनुवटी आणि गालांचा मधला भाग एवढ्यावरच फाउंडेशन लावत असे आणि कडेला ते विरवून टाकत असे. कपाळ व डोळ्यांच्या कडा जवळजवळ मोकळ्या ठेवायच्या, कारण माणूस हसतो तेव्हा तिथलीच त्वचा सर्वांत जास्त हलते आणि थर तिथेच भेगाळतो.

कोल्हापूर, वय ५२

माझ्या दोन्ही गालांवर वांग आहेत. ते झाकण्यासाठी थरावर थर देण्यात पाच-सहा वर्षे गेली. मध्यंतरी एका औषधाच्या दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून आणलेले मलम वर्षभर लावले. त्यात स्टेरॉइड होते, हे त्वचा पातळ आणि लालसर झाल्यावर कळले, आणि त्यानंतर तर कोणतेही फाउंडेशन झोंबू लागले. कृपया असे मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी लावू नका.

त्वचारोगतज्ज्ञांनी मला लोह ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन दिले. आपल्यासारख्या वर्णात दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतात आणि साधे सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. लोह ऑक्साइड अडवते. तेच आता माझे रोजचे फाउंडेशन झाले आहे. ठळक डागांवर तेवढा कन्सीलरचा ठिपका देते. फाउंडेशनच्या बाटलीवर लिहिलेल्या एसपीएफवर (उन्हापासून संरक्षणाच्या आकड्यावर) विसंबू नये, हेही त्यांनी समजावले. तो आकडा त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर धरून ठरवतात, आणि फाउंडेशन तेवढे जाड कोणीच लावत नाही. म्हणून आधी सनस्क्रीन पुरेसे लावायचे, फाउंडेशन त्यानंतर.

मडगाव, वय ५७

आमच्या दमट हवेत नागपूरच्या ताईंची पद्धत जशीच्या तशी चालत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. मी मॉइश्चरायझर हलके, जेलसारखे घेते आणि पावडर फक्त नाकावर व हनुवटीवर, बारीक ब्रशने. डोळ्यांखाली पावडर लावणे कायमचे सोडले, आणि त्या एका बदलाने चेहरा पाच वर्षांनी तरुण दिसतो असे बहीण म्हणाली.

न्यू जर्सी, वय ५५

मी १९९८ मध्ये इथे आले तेव्हा काउंटरवर माझ्या वर्णाला जवळची म्हणून जी छटा देत, ती एकतर गुलाबी असे किंवा फार गडद. २०१७ मध्ये फेंटी ब्यूटी या प्रसाधनांच्या कंपनीने एकदम ४० छटा आणल्या, त्यानंतर इतर कंपन्यांनीही आपली श्रेणी वाढवली आणि पिवळसर झाकेच्या गव्हाळ छटा सहज दिसू लागल्या. पहिल्यांदा माझी छटा जबड्यावर पूर्ण विरघळली तेव्हा मी काउंटरवरच रडले होते. विक्रेत्या मुलीला कारण समजले नसावे.

इथे हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा अगदी कोरडी असते आणि वर्ण उजळतो. उन्हाळ्यात तो पुन्हा गडद होतो. म्हणून मी शेजारच्या दोन छटा ठेवते आणि ऋतूप्रमाणे हाताच्या पाठीवर मिसळून घेते. बाटली उघडल्याची तारीख तळाशी चिकटवून ठेवावी. उघडल्यानंतर किती महिने वापरावी, हे उघड्या डबीच्या चित्रात छापलेले असते.

ठाणे, वय ४८

माझा अनुभव सासूबाईंचा आहे. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी मला हाक मारून सांगितले की डाव्या गालावरचे तपकिरी डाग आज तेवढे दिसायला नकोत. त्यांनी जन्मात फाउंडेशन लावले नव्हते, म्हणून कानामागे दोन दिवस आधीच थोडे लावून पाहिले होते. खाज किंवा लाली आली नाही.

एक्याऐंशीव्या वर्षी त्वचा जुन्या पोथीच्या पानासारखी पातळ होते. ब्रशने ती ओढली जात होती, म्हणून मी तो बाजूला ठेवला. आधी मॉइश्चरायझर लावून त्यांना पोहे खायला बसवले. मग मसुराच्या दाण्याएवढे फाउंडेशन बोटांच्या टोकांवर चोळून कोमट केले आणि गालावर वरच्या दिशेने, दाब न देता टेकवत गेले. डाग पूर्ण गेले नाहीत. फिके झाले, आणि त्याहून जास्त त्यांना नको होते. कपाळाचा मधला भाग मोकळा सोडला, कारण त्या अजून मेण लावून त्यावर पिंजर लावतात आणि फाउंडेशनवर मेण घसरते.

मी त्यांना गॅलरीतल्या उजेडात आरसा दिला. त्यांनी डाव्या गालावरून एकदा बोट फिरवले, बोटाला काही लागले नाही हे पाहिले, पदर सारखा केला आणि औक्षणाच्या पाटावर जाऊन बसल्या.