शब्दचर्चा: ‘कनार्ड’साठी मराठी शब्द, आणि ‘प्रायोगिक’ की ‘आदिनमुना’?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी ‘शिंदेन’ विमानावर मराठीत लिहितो आहे. दोन ठिकाणी अडलोय. त्याच्या नाकाजवळ जे छोटे पंख, म्हणजे कनार्ड, आहेत त्यांना ‘पुढची शेपटी’ म्हटलं तर चालेल का? आणि या विमानाला ‘प्रायोगिक लढाऊ विमान’ म्हणावं की ‘आदिनमुना’ (प्रोटोटाइप)?

प्रतिसाद १: ‘पुढची शेपटी’ नको. नेहमीच्या विमानात शेपटीचे आडवे पंख बहुधा मागची बाजू खाली दाबून तोल सांभाळतात. शिंदेनचे पुढचे पंख नाक वर उचलून धरतात, म्हणजे मुख्य पंखांबरोबर विमानाचं वजनही पेलतात. काम पंखाचं आहे, तर नावही पंखाचंच द्या. ‘अग्रपंख’ सुटसुटीत आहे. ‘पंखाग्र’शी मात्र गल्लत होऊ देऊ नका, ते पंखाचं टोक. नाशिकजवळ ओझरला बांधलेल्या सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानालाही अग्रपंख आहेत. पुण्यातल्या लोहगाव हवाई तळाच्या आसपास राहणाऱ्यांना ते दाखवले की शब्द लगेच कळतो.

आणखी एक. मराठीत ‘पंख’ आणि ‘पंखा’ (प्रोपेलर) सामान्यरूपात फार जवळ येतात: ‘पंखाची पाती’ लिहिलंत की वाचक गोंधळणार, तिथे ‘पंख्याची पाती’च हवं. शिंदेनच्या बाबतीत हे जपायलाच हवं, कारण त्याचं इंजिन पाठीमागे आणि सहा पात्यांचा पंखाही शेपटाकडे, विमानाला मागून ढकलणारा. जुलै १९४५ मध्ये जमिनीवरच्या धावेत नाक जास्त उचललं गेलं आणि पात्यांची टोकं धावपट्टीला घासली. मग मागच्या दोन्ही उभ्या पंखांखाली, शिरागिकू या प्रशिक्षण विमानाची छोटी चाकं बसवली. हे लिहिताना उभे पंख, अग्रपंख, मुख्य पंख आणि पंखा हे चारही शब्द वेगळे राहायला हवेत.

प्रतिसाद २: दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ‘प्रायोगिक’ हा शब्द शिंदेनच्या आधीच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. नौदलाचे अधिकारी मासाओकी त्सुरुनो यांची ही कल्पना पारखायला आधी एमएक्सवाय-६ नावाची लाकडी ग्लायडर्स बांधली. एकावर नंतर लहानसं इंजिनही चढवलं. अशा मांडणीचं विमान हवेत ताब्यात राहतं का, एवढाच तिथे सवाल होता. ते खरे प्रयोग. शिंदेनची गोष्ट निराळी. अमेरिकेच्या बी-२९ बॉम्बफेकी विमानांना अडवायला नौदलाला ते तातडीनं हवं होतं, म्हणून पहिलं विमान उडण्याआधीच त्याच्या उत्पादनाचा आदेश निघाला. नाकात ३० मिलीमीटरच्या चार तोफा ठरल्या होत्या. ज्याच्यावरून पुढची विमानं बनायची असतात त्याला ‘आदिनमुना’ म्हणणंच बरोबर. कारखान्यात आपण ‘प्रोटो’ म्हणतो तेच.

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. मग हे वाक्य कसं वाटतं? ‘शिंदेनचा आदिनमुना ३ ऑगस्ट १९४५ रोजी फुकुओकाजवळ प्रथम उडाला. हे विमान ताशी ७५० किलोमीटर वेगाने उडत असे.’

प्रतिसाद २: पहिलं वाक्य तसंच ठेवा. दुसऱ्यातलं ‘उडत असे’ काढाच. ‘असे’ लावलं की ती नेहमीची गोष्ट होते. शिंदेन मोजून तीनदा उडालं, सगळं मिळून पाऊण तासाच्या आसपास, तेही चाकं खाली ठेवूनच. पंख्याच्या जोरानं ते उजवीकडे ओढलं जात होतं, ते दुरुस्त करायलाही वेळ मिळाला नाही, कारण १५ ऑगस्टला जपानच्या शरणागतीची घोषणा झाली. ७५० हा कागदावरचा आकडा आहे. ‘वेग ताशी ७५० किलोमीटरपर्यंत जाईल अशी अपेक्षा होती’ असं लिहा.