लिनक्समधली ‘डिपेंडन्सी’ : अवलंबित्व, आधार की नुसतेच ‘लागते’?

नौपाडेकर :
नमस्कार. ठाण्यात संध्याकाळी चालणाऱ्या एका संगणकवर्गासाठी मी लिनक्सची मराठी पुस्तिका लिहीत आहे. पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा बांधून ठेवलेला गठ्ठा, बसवताना येणाऱ्या अडचणींच्या प्रकरणापर्यंत काम सुरळीत झाले आणि तिथे एका शब्दावर गाडे अडले. बसवायच्या पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजे यंत्रावर नसली, तर उबंटू ही लिनक्सप्रणाली ‘अनमेट डिपेंडन्सीज’ असे म्हणून थांबते, हे आपणांस ठाऊक आहेच. पहिल्या खर्ड्यात मी डिपेंडन्सीसाठी ‘अवलंबित पॅकेज’ असे लिहिले होते आणि ते मला निर्धोक वाटत होते.

गेल्या आठवड्यात वर्गातील एका मुलाने डिस्कवर जागा करण्यासाठी पॅकेजांची यादी उघडली. तीत पडद्यावरच्या खिडक्या आणि बटणे काढणारे लिबजीटीके-३ दिसताच त्याला माझ्या पुस्तिकेतील ‘हे अवलंबित पॅकेज आहे’ हे वाक्य आठवले. वडिलांच्या मेडिक्लेमच्या अर्जात ‘अवलंबित’ या रकान्यात आई आणि धाकट्या बहिणीचे नाव असते, तेव्हा हेही कोणाच्या तरी जिवावर जगणारे असणार आणि काढले तर कमावत्याचे काही बिघडणार नाही, असा हिशेब करून त्याने ते काढून टाकले. काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची पडदाभर यादी दाखवून एपीटीने (पॅकेजे बसवणारी-काढणारी आज्ञा) होकार मागितला होता, पण ती न वाचताच त्याने ‘वाय’ दाबले. यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हा डेस्कटॉपचा पत्ता नव्हता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत फक्त लॉगिन विचारले जात होते.

मुलाला मी काही बोललो नाही, कारण त्याने मराठी बरोबर वाचले होते. इंग्रजीत ज्याच्यावर विसंबायचे त्या वस्तूला डिपेंडन्सी म्हणतात, आणि मराठीत ‘अवलंबित’ म्हणजे जो विसंबतो तो. माझ्या भाषांतरात बाणाचे टोक उलट्या दिशेला गेले. येत्या शनिवारी पुस्तिका छपाईला द्यायची आहे, तरी कृपया शब्द सुचवावा.

निवृत्त_गुरुजी :
आपला शब्द चुकला तो एका प्रत्ययाने. ‘अवलंबित’मधला ‘इत’ काढा, म्हणजे ‘अवलंब’ उरतो, आणि संस्कृतात अवलंब म्हणजे नेमका तो आधार, ज्याला धरून दुसरे उभे राहते. करावलंब म्हणजे हाताचा आधार. मुळातला ‘लम्ब्’ हा धातू लोंबणे या अर्थाचा असून लंबक, विलंब आणि अवलंब ही तिन्ही त्याचीच मुले आहेत. ‘या पॅकेजचे अवलंब यंत्रावर नाहीत’ असे लिहिल्यास दिशाही योग्य राहते आणि शब्दही आपल्याच घरातला राहतो. डिपेंडन्सी हा शब्दही लॅटिनमधील लोंबण्याच्याच धातूवरून आला आहे, तेव्हा ही जोडी जुळवून आणल्यासारखी बसते.

महापे_रात्रपाळी :
गुरुजी, व्युत्पत्तीबद्दल मला काहीच म्हणायचे नाही, परंतु आजच्या मराठीत ‘अवलंब’ हा शब्द ‘करणे’शिवाय एकटा फिरत नाही. ‘नव्या पद्धतीचा अवलंब केला’ हे आपण रोज वाचतो. ‘या पॅकेजचे अवलंब नाहीत’ असे वाचल्यावर माझ्या रात्रपाळीतील मुलांना वाटेल की हे पॅकेज अजून कोणी वापरायला घेतलेले नाही, म्हणजे बाण पुन्हा तिसरीकडेच गेला. आमच्या मजल्यावर सर्वजण ‘डिपेंडन्सी’ म्हणतात, आणि चहावालासुद्धा समजतो की आज सर्व्हर उठत नाही.

माझी खरी हरकत वेगळी आहे. आपण सगळे नामावर भांडतो आहोत, पण वाचणारा अडतो तो क्रियापदावर. एपीटी दोन निराळी कारणे देते. एक असते ‘नॉट इन्स्टॉलेबल’, म्हणजे लागणारे पॅकेज ज्या भांडारांची नावे यंत्राला दिलेली आहेत, त्यांतल्या एकातही नाही. दुसरे असते ‘नॉट गोइंग टु बी इन्स्टॉल्ड’, म्हणजे ते पॅकेज भांडारात आहे, पण ते बसवले तर दुसऱ्या कशाशी तरी वाजेल, म्हणून बसवले जाणार नाही. पहिल्यात भांडार तपासायचे, दुसऱ्यात भांडण शोधायचे. एका मराठी टिपणात मी या दोन्हींचे ‘स्थापित होणार नाही’ असे एकच भाषांतर पाहिले आहे, आणि ते वाचून एक मुलगा तासभर चुकीच्या ठिकाणी शोधत बसला होता.

आमच्याकडचे उदाहरण देतो. एक जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर डेब फाइलच्या, म्हणजे उबंटूच्या पॅकेजच्या, रूपात होते आणि त्याला लिबएसएसएल १.१ लागत होते, म्हणजे ओपनएसएसएल या संपर्क सुरक्षित ठेवणाऱ्या संचाची १.१ ही आवृत्ती. यंत्रे उबंटू २२.०४ वर नेल्यावर ते अडले, कारण त्या आवृत्तीत ओपनएसएसएल ३ आले आणि १.१ भांडारातून गेले. एपीटीच्या हाताखाली काम करणाऱ्या डीपीकेजीने पॅकेज उलगडून ठेवले, पण त्याची जुळणी पूर्ण केली नाही. मग एकाने सवयीने ‘फिक्स-ब्रोकन’ हा एपीटीचा दुरुस्तीचा पर्याय चालवला, तर एपीटीने ते सॉफ्टवेअरच काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. तिच्या दृष्टीने गुंता सोडवायचा तेवढाच मार्ग शिल्लक होता. दुसऱ्याने ३ च्या फाइलला १.१ चे नाव देणारा दुवा करून पाहिला. त्यावर आवृत्तीची खूण जुळत नाही, असे स्पष्ट उत्तर आले. जुन्या उबंटूतून १.१ आणून बसवता येते, पण ओपनएसएसएलच्या मूळ कर्त्यांनी १.१.१ ची देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवली आहे, त्यामुळे बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या यंत्रावर ते ठेवायला मी तयार झालो नाही. शेवटी विक्रेत्याकडून नवी आवृत्ती मागवावी लागली.

शब्दवेडी :
महापेकरांनी नकळत उत्तर दिले आहे. त्यांच्या मजकुरात ‘त्याला लिबएसएसएल १.१ लागत होते’ असे वाक्य आले आहे आणि नौपाडेकरांच्या पहिल्याच परिच्छेदात ‘पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजे’ असे आहे. दोघांपैकी एकालाही तिथे शब्द शोधावा लागला नाही. पुरणपोळीला चण्याची डाळ लागते, गॅसच्या जोडणीला रहिवासाचा दाखला लागतो, तसे पॅकेजला पॅकेज लागते. इंग्रजीला नाम करून ठेवायची सवय आहे, तिथे मराठी क्रियापदावर काम भागवते. त्या मुलाला ‘याला लिबजीटीके लागते’ असे वाचायला मिळाले असते, तर ते काढायला त्याचा हात धजावला नसता.

आणि ‘भागवते’ म्हणताना आठवले, ‘अनमेट’ला तरी ‘अपूर्ण’ कशाला? मराठीत गरज भागते. ‘न भागलेल्या गरजा’ म्हटले की झाले. ‘मिसिंग’ला ‘गहाळ’ म्हणण्याचीही मला धास्ती वाटते, कारण गहाळ म्हणजे जे होते आणि हरवले, जसे सरकारी कचेरीतील फाइल. यंत्रावर कधी आलेच नाही, ते गहाळ कसे होईल?

वाशीकर_अनुवादक :
ताई, ‘लागते’ वाक्यात गोड दिसते, परंतु मी पडद्यावरच्या मजकुरांचे भाषांतर करतो आणि तिथे वाक्य आपल्या हातात नसते. एपीटी तो संदेश तुकड्यांतून जुळवते : आधी पॅकेजचे नाव, मग ‘डिपेंड्स’, मग दुसरे नाव, मग ‘पण ते बसवले जाणार नाही’ या अर्थाचा वेगळा तुकडा. नावाच्या जागी काय येणार हे आपल्याला माहीत नसल्यामुळे त्याचे सामान्यरूप करता येत नाही आणि विभक्तीचा प्रत्यय अधांतरी लोंबकळतो. गुरुजींच्या लम्ब् धातूचे ते जिवंत उदाहरण म्हणता येईल. शिवाय एकच वस्तू असेल तर ‘लागते’ आणि दोन असतील तर ‘लागतात’; तुकड्याला मात्र पुढे किती नावे येणार हे कळत नाही. तिथे नामच सोयीचे पडते.

उबंटू जिच्यावर उभी आहे त्या डेबियनच्या पॅकेजात ‘डिपेंड्स’खेरीज ‘प्री-डिपेंड्स’, ‘रेकमेंड्स’, ‘सजेस्ट्स’, ‘कॉन्फ्लिक्ट्स’, ‘ब्रेक्स’ अशी आणखी नाती नोंदवलेली असतात, हेही विसरू नये. ‘लागते’ हे पहिल्यासाठी ठीक आहे, पण ‘रेकमेंड्स’मधील पॅकेजेही एपीटी सहसा आपण होऊन बसवते, मग तीही ‘लागतात’च की काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारणारच.

शब्दवेडी :
लग्नात अक्षता लागतात आणि बँड असला तर बरा. विद्यार्थ्यांना एवढा फरक कळतो.

कळवेकर :
आमच्या भागात ‘अवलंबून’ हा शब्द पाण्याच्या बातम्यांतून रुळला आहे, म्हणून लिहितो. ठाणे महापालिकेची स्वतःची योजना असली तरी शहराला स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून, एमआयडीसीकडून आणि मुंबई महापालिकेकडूनही पाणी घ्यावे लागते, आणि त्यांतील एकाने दुरुस्तीसाठी पुरवठा बंद ठेवला की कळव्यात आमच्या इमारतीची टाकी दुपारीच खडखडते. नवी मुंबईच्या महापालिकेकडे मोरबे धरण मालकीचे आहे, म्हणून तिला बातम्यांत ‘स्वयंपूर्ण’ म्हणतात आणि आम्हाला ‘परावलंबी’. यात स्टेमला कोणी ठाण्याचे ‘अवलंबित’ म्हणत नाही. स्टेम हा ‘स्रोत’ असतो. नौपाडेकरांनी ‘स्रोत-पॅकेज’ म्हणून पाहावे.

यातही गंमत अशी की मुंबईचे पाणी भातसा, तानसा, मोडकसागर अशा ठाणे जिल्ह्यातल्याच जलाशयांतून येते. म्हणजे ठाणे मुंबईवर अवलंबून आणि मुंबई ठाण्यावर. याला तुमच्या लिनक्समध्ये काय म्हणतात?

महापे_रात्रपाळी :
‘सर्क्युलर डिपेंडन्सी’ म्हणतात. ‘स्रोत-पॅकेज’ मात्र चालणार नाही, कारण ‘सोर्स पॅकेज’ ही डेबियनमध्ये आधीपासूनच वेगळी वस्तू आहे. ज्यातून पॅकेज बांधले जाते, तो कच्चा माल तिच्यात असतो.

निवृत्त_गुरुजी :
त्या सर्क्युलर डिपेंडन्सीला न्यायशास्त्रात केव्हापासूनच नाव आहे. दोघे एकमेकांवर टेकले असतील तर ‘अन्योन्याश्रय’, तिघे किंवा अधिक जण फेर धरून परत पहिल्यापाशी आले तर ‘चक्रक’, आणि याला ते, त्याला ते, असे न संपणारे शेपूट असेल तर ‘अनवस्था’. एवढा बारकावा इंग्रजीतील त्या एका विशेषणात नाही. तयार भांडवल पेटीत पडून असताना आपण डिपेंडन्सीच्या दाराशी का उभे राहावे, हे मला समजत नाही. ठाणे महापालिका १९८२ साली झाली आणि तिच्या प्रमुखाला कोणी ‘मेयर’ म्हटले नाही, ‘महापौर’च म्हटले. सावरकरांनी तो शब्द घडवला तेव्हा त्यालाही लोक हसले असतील. वापरला की रुळतो.

महापे_रात्रपाळी :
महापौराच्या पाटीवर तो शब्द शासनाने लिहिला, गुरुजी. माझ्या टर्मिनलवर अन्योन्याश्रय कोण लिहिणार? तरीही ‘अनवस्था’ मला आवडला, हे प्रामाणिकपणे सांगतो. रेडहॅट या दुसऱ्या लिनक्सच्या आरपीएम फाइली, म्हणजे तिची पॅकेजे, एकेक करून हाताने उतरवण्याचे दिवस मी पाहिले आहेत. एक बसवायला जावे तर ती तीन मागे, त्या तिघींना आणखी पाच लागत, आणि पाचवीला पहिलीचीच नवी आवृत्ती हवी असे. त्याला आम्ही शुक्लकाष्ठ म्हणत असू. लागणारी पॅकेजे आपण होऊन आणणारे यम आणि नंतर डीएनएफ आल्यावर ते मागे पडले, पण शब्द जिभेवर राहिला.

वाशीकर_अनुवादक :
‘डिपेंडन्सी हेल’ला ‘शुक्लकाष्ठ’ हे मी आजच नोंदवून ठेवतो. यापेक्षा चांगले भाषांतर होणे नाही.

कळवेकर :
मूळ शब्दासाठी ‘आधार’ का चालू नये? ‘आधार-पॅकेज’ सोपे आहे.

नौपाडेकर :
‘आधार’ मी वर्गात म्हणून पाहिला. पहिल्याच बाकावरून प्रश्न आला की पॅकेज बसवायला आधार क्रमांक द्यावा लागतो का. तो शब्द आता एका कार्डाने अडवून ठेवला आहे. ‘टेकू’ही विचारात घेतला होता, पण टेकू म्हटले की मोडकळीला आलेली इमारत किंवा डळमळणारे सरकार डोळ्यांपुढे येते.

दरम्यान, त्या यंत्राचा डेस्कटॉप ‘उबंटू-डेस्कटॉप’ हे एकच पॅकेज बसवून परत आला. मुलांना मी त्याचा आतला मजकूर दाखवला. त्यात स्वतःचा कार्यक्रम असा काही नाहीच. आपल्याला काय काय लागते त्याची लांबलचक यादी तेवढी आहे. ज्याने यंत्र झोपवले होते तोच मुलगा म्हणाला, “सर, ही तर वाण्याची यादी आहे.” त्यानंतर वर्गात या प्रकाराला कोणी दुसऱ्या नावाने ओळखत नाही.

शब्दवेडी :
मग तुमचा शब्द त्याच मुलाने दिला आहे.

वाशीकर_अनुवादक :
यादी हे त्या पॅकेजचे नाव झाले. यादीतल्या एकेका जिनसेला काय म्हणायचे, हा मूळ प्रश्न तसाच आहे.

निवृत्त_गुरुजी :
जिन्नस! पण तो अरबीतून आला आहे.

नौपाडेकर :
शनिवारी पुस्तिका छपाईला दिली. वाक्यांत सर्वत्र ‘लागते’ आणि ‘लागणारी पॅकेजे’ ठेवले आहे. प्रकरणाच्या शीर्षकाला मात्र नाम हवे होते, म्हणून तिथे ‘न भागलेल्या डिपेंडन्स्या’ असे दिले, कारण मुले तोंडाने तसेच म्हणतात. मुद्रितशोधकाने त्यावर लाल रेघ ओढून ‘डिपेंडन्सीज’ केले आहे.

महापे_रात्रपाळी :
ते कृपया परत फिरवावे. बॅटरीच्या बॅटऱ्या होतात आणि फॅक्टरीच्या फॅक्टऱ्या, तर डिपेंडन्सीने काय घोडे मारले आहे? ‘डिपेंडन्स्या’ हेच शुद्ध मराठी आहे.

निवृत्त_गुरुजी :
‘शुद्ध’ हा शब्द आपण येथे कोणत्या अर्थाने वापरलात, ते कृपया स्पष्ट करावे.