पन्नाशी आणि अलंग-मदन

पन्नाशीनंतर अलंग-मदन-कुलंग या अवघड किल्ल्यांचा नाद सोडावा, हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. मदनवर पायऱ्या तोडून टाकल्यात, त्या जागी दोर लावून चढावं लागतं, तिथे नुसत्या हौसेने भागत नाही, हे खरं. पण म्हणून एकदम बागेतला हास्यक्लब? नको राव.

विशीत बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जायचो, तेव्हा लक्ष फक्त घड्याळाकडे. आता कुलंगवर ओळीने खोदलेली पाण्याची टाकी, घळीत बांध घालून अडवलेलं पाणी, त्याला ठेवलेलं गोमुख, यातच वेळ जातो. तेव्हाही ते सगळं तिथेच होतं म्हणा! उतरताना गुडघे कुरकुरतात, त्याला काठी आहे.

सध्या डोक्यात भलतंच खूळ आहे: पायी नर्मदा परिक्रमा. नदी कायम उजव्या हाताला, मध्येच ओलांडायची नाही, परंपरेने ३ वर्षं ३ महिने १३ दिवस. एवढी रजा कोण देणार? म्हणून निवृत्तीनंतर, जमेल तशी टप्प्याटप्प्याने. हिला सांगितलं तर म्हणाली, आधी भाजी आणायला स्कूटर काढणं बंद करा.

कुणी केली असेल तर सांगा, ओंकारेश्वरहून उचलावी की अमरकंटकहून? आणि चातुर्मासात मुक्काम कुठे केलात?