दहावीनंतरचा इंटिग्रेटेड क्लास, घरातली मुदत ठेव आणि आमची भीती

कोयनाकाठ (डोंबिवली)

नमस्कार. आमच्या मुलीची राज्य मंडळाची दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे. तिला गणित मनापासून आवडते, विज्ञान बरे जमते, आणि पुढे संगणकाशी संबंधित काहीतरी करायचे आहे एवढेच ती आज सांगू शकते. पंधराव्या वर्षी याहून अधिक सांगता यावे अशी माझी अपेक्षाही नाही.

तिच्या शाळेत अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका मोठ्या क्लासने शिष्यवृत्तीची चाचणी घेतली आणि तेव्हापासून त्यांच्या समुपदेशकांचे फोन सुरू झाले. अखेर आम्ही दोघे भेटायला गेलो. समोरच्या गृहस्थांनी कोऱ्या कागदावर दोन वर्षांची फी लिहिली, तिच्यावर काट मारली, शिष्यवृत्ती वजा केली, उरलेल्या सव्वातीन लाखांच्या आकड्याभोवती गोल काढून कागद आमच्याकडे सरकवला आणि ही सवलत फक्त रविवारपर्यंत आहे असे सांगितले. कनिष्ठ महाविद्यालयातला प्रवेश त्यांच्या ‘टाय-अप’मधून होईल, मुलीने तिथे केवळ प्रात्यक्षिकांपुरते जायचे आणि बाकी सगळे क्लासमध्येच शिकायचे. यालाच ते ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात.

आमच्याकडे एक मुदत ठेव आहे. ती मोडली तर ही फी भागते, पण मग हाताशी काहीच उरत नाही, कारण घराच्या कर्जाचे हप्ते अजून बरीच वर्षे चालायचे आहेत. यजमान एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत, मी पतपेढीत नोकरी करते. सासरे लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा धडपणे चालली नाही, त्यांनी मिळेल ते काम केले आणि पुढे कुटुंब खोली सोडून डोंबिवलीला आले. यजमानांनी ते सगळे लहानपणी पाहिले आहे. त्यामुळे ‘आपण जिथवर आलो तिथून आपली पोर खाली येता कामा नये’ असे ते म्हणतात, तेव्हा माझ्याकडे त्यावर उत्तर नसते.

परंतु दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती मी इथे स्पष्ट लिहिते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण हातात पडण्याआधी ‘अकरावीचे कुठे ठरले?’ हा प्रश्न येतो. मोठ्या जाऊबाईंचा मुलगा अमेरिकेत एम.एस. करतो आहे, धाकट्या नणंदेचा मुलगा क्लाससाठी कोटाला आहे. आमच्या मुलीने साधे कॉलेज आणि साधा क्लास धरला तर आमची ऐपत नव्हती असा अर्थ काढला जाईल, ही धास्ती आम्हा दोघांच्याही मनात आहे. या निर्णयातला किती भाग मुलीच्या गरजेचा आणि किती आमच्या चार लोकांतल्या प्रतिष्ठेचा, हे आम्हाला वेगळे करता येत नाही. इंटिग्रेटेडला न घातल्याने मुलीचे खरोखर नुकसान होईल का, आणि ठेव मोडणे शहाणपणाचे आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निवृत्त_मास्तर (सांगली)

ताई, मी अभियांत्रिकी महाविद्यालयात आयुष्यभर शिकवले, म्हणून आधी काही आकडे मांडतो, कारण क्लासच्या भिंतीवर फक्त यशस्वी मुलांचे फोटो असतात. २०२४ साली जेईई मेन या अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेला देशभरातून चौदा लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्यांतून आयआयटीसाठीची पुढची अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षा सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थ्यांनी दिली, त्यांतले ४८ हजारांच्या आसपास पात्र ठरले, आणि सर्व आयआयटी मिळून त्या वर्षी जागा होत्या १७,७४०. २०१८ पासून आयआयटींमध्ये मुलींसाठी अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या संख्येहून जादा, जागा निर्माण करण्यात आल्या आहेत, ही तुमच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. तरीही फी भरणाऱ्या बहुसंख्य घरांतली मुले आयआयटीत जात नाहीत, आणि हा त्या मुलांचा दोष नाही, तो जागांच्या संख्येचा परिणाम आहे.

मग ही मुले कुठे जातात? महाराष्ट्रातली बहुतेक मुले एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षा देऊन राज्यातल्या महाविद्यालयांत येतात. पुण्याचे सीओईपी १८५४ सालचे, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ चे, आमच्या सांगलीचे वालचंद १९४७ चे. या संस्थांतून बाहेर पडलेल्या मुलाला कुणी कमी लेखत असेल, तर त्याला या क्षेत्राची माहिती नाही एवढेच मी म्हणेन. त्यांची मुख्य वाट सीईटीतून जाते, आणि त्या परीक्षेत साधारण वीस टक्के भार अकरावीच्या व ऐंशी टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताला आहेत. तुमच्या मुलीला गणित आवडते असे तुम्ही लिहिले आहे. त्या वाक्याकडे तुम्ही स्वतः पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते.

इंटिग्रेटेडमध्ये जे जाते त्याचाही हिशेब करावा. प्रयोगशाळेत बसून केलेले प्रयोग, वर्गातल्या वेगवेगळ्या स्वभावांच्या मुलामुलींची सोबत, आणि कॉलेजचे ग्रंथालय ही त्या वयाची हक्काची गोष्ट आहे. केवळ कागदोपत्री भरणाऱ्या वर्गांना आळा घालण्यासाठी शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता, यावरून हा प्रकार किती पसरला आहे ते लक्षात यावे. माझ्याकडे प्रथम वर्षाला अशी मुले येत, ज्यांनी व्हर्नियर कॅलिपरसारखे मोजमापाचे साधे उपकरण हातात धरलेलेच नसे. गणिते मात्र तोंडपाठ असत.

पिंपळपान (नाशिक)

मास्तरांविषयी आदर राखून थोडी दुसरी बाजू मांडतो. माझा मुलगा इंटिग्रेटेडला होता आणि त्याला त्याचा फायदा झाला, कारण ती इच्छा त्याची स्वतःची होती. घरी त्याच्याबरोबर त्या तोडीची गणिते सोडवणारे कुणी नव्हते आणि क्लासमध्ये तसे मित्र मिळाले. त्यामुळे सगळे क्लास म्हणजे लूट असे म्हणणे मला पटत नाही. मुलीला विचारावे, पण जेवताना सगळ्यांसमोर विचारू नये. दोघांपैकी एकाने तिच्याबरोबर फिरायला जाऊन शांतपणे विचारावे, आणि ‘नको’ हे उत्तर देण्याची तिला खरोखर मुभा आहे हे तिच्या लक्षात येऊ द्यावे. फीचा आकडा कळल्यावर मुले अनेकदा आईवडिलांना बरे वाटेल असेच उत्तर देतात.

रविवारच्या मुदतीला मात्र अजिबात भिऊ नये. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटले आहे की सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये आणि प्रवेश माध्यमिक परीक्षेनंतरच व्हावा, यशाची हमी किंवा दिशाभूल करणारी आश्वासने देऊ नयेत, आणि विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. या सूचना आहेत, अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली आहे, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी त्या पाळल्या जातातच असे नाही. तरीही जो क्लास दहावीची परीक्षा होण्याआधीच पैसे मागतो, त्याच्याकडून परताव्याची अट लेखी मागून पाहावी. उत्तर देताना समोरचा माणूस विषय बदलतो का, यावरून बरेच कळते.

आणखी एक गोष्ट विचारावी, ती म्हणजे मुलीला कोणत्या बॅचमध्ये बसवणार आणि तिथे शिकवणार कोण. नावाजलेले शिक्षक अनेक ठिकाणी पहिल्या बॅचला असतात, आणि त्या बॅचच्या निकालाची जाहिरात पाहून उरलेल्या बॅचेसची फी भरली जाते.

रानजाई (चिंचवड)

ताई, तुमचा मजकूर वाचताना एका वाक्यापाशी थांबले. यजमान कारखान्यात सुपरवायझर आहेत असे तुम्ही लिहिले आहे. ते बहुधा डिप्लोमा करून तिथे पोहोचले असावेत असा माझा अंदाज आहे. गिरणी कामगाराच्या मुलाने स्वतःच्या शिक्षणावर डोंबिवलीत घर घेतले आणि मुलीला चांगल्या शाळेत शिकवले. तुमच्या कुटुंबात पिढीची पायरी चढण्याचे काम आधीच एकदा झाले आहे, आणि ते कुठल्याही महागड्या क्लासने केलेले नाही.

मी स्वतः दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात (पॉलिटेक्निकमध्ये) तीन वर्षांचा डिप्लोमा केला आणि नंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला. आमच्या नातेवाइकांत ‘डिप्लोमाला घातली’ हे वाक्य हलक्या आवाजात बोलले जाई, जणू काही घरात अपयश आले आहे. आई लग्नकार्यात माझ्या शिक्षणाचा विषय टाळत असे आणि ते मला समजत असे. त्या वयात अभ्यासाचा ताण मला फारसा जाणवला नाही, पण आपल्यामुळे आईला चारचौघांत गप्प बसावे लागते हा विचार पुष्कळ जाणवला. म्हणून मला कळकळीने सांगावेसे वाटते की मुलगी कुठेही शिको, हळदीकुंकवाला कुणी विचारले तर तिच्यासमोर तुम्ही मोकळ्या आवाजात उत्तर द्या. तिची नजर तुमच्या चेहऱ्याकडे असणार आहे.

तंत्रनिकेतन तिच्यासाठी योग्यच आहे असा माझा आग्रह नाही. संगणकाकडे ओढा असेल तर तो रस्ताही चांगला आहे आणि त्याचा विचार व्हायला हवा, एवढेच म्हणणे आहे.

हिशेबनीस (ठाणे)

मी बँकेत कर्ज विभागात काम केले आहे, म्हणून फक्त पैशांविषयी लिहितो.

प्रतिष्ठेची भीती सोडून द्या असे सांगणे सोपे आहे, परंतु या भीतीमागे अर्थकारण आहे. आपल्या आधीच्या पिढीत सरकारी नोकरीला निवृत्तिवेतनाची खात्री होती. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना तीही जुन्या स्वरूपात राहिली नाही, आणि खासगी कारखान्यांत तर बहुतेकांना भविष्य निर्वाह निधी आणि त्यासोबतची अगदी तुटपुंजी पेन्शन एवढाच आधार असतो. त्यामुळे मध्यमवर्गीय आईवडील मुलांच्या शिक्षणात पैसे घालतात, तेव्हा नकळत आपल्या म्हातारपणाचीही तरतूद करत असतात. एकाच अपत्यावर हे दुहेरी ओझे पडते, आणि मग सोळाव्या वर्षाच्या परीक्षेला नको तितके महत्त्व येते.

म्हणूनच ठेव मोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पदवीच्या शिक्षणासाठी बँका कर्ज देतात, साडेसात लाखांपर्यंत त्यासाठी मालमत्ता तारण ठेवावी लागत नाही, आणि परतफेड सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपून वर्ष झाल्यावर सुरू होते. क्लासच्या फीला असा आधार नाही, ती रोखच जाते. म्हणजे तुम्ही हाताशी असलेले पैसे सर्वांत अनिश्चित टप्प्यावर खर्च करून निश्चित टप्प्यासाठी कर्ज काढणार आहात. शिवाय वसतिगृह, लॅपटॉप, प्रवेशाच्या वेळची अनामत रक्कम असे खर्च ऐन वेळी येतात, त्यासाठी ती ठेव लागेल. कारखान्यात काही बरेवाईट झाले तर घराचे हप्तेही तिच्यातूनच भरावे लागतील. गिरणीचा अनुभव असलेल्या घराला हे मी वेगळे सांगायला नको.

एक चौकशी अवश्य करावी. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आठ लाख किंवा त्याहून कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. तुम्ही कुठे बसता ते मला माहीत नाही, पण बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्गाची कागदपत्रे तहसील कार्यालयातून वेळेत काढून ठेवावीत. प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांगा लागतात.

कोयनाकाठ (डोंबिवली)

सर्वांची मनापासून आभारी आहे. रानजाई, तुमचा अंदाज बरोबर आहे. यजमानांनी डिप्लोमाच केला आहे. तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले की त्या वेळी वडिलांकडे पैसे असते तर मी इंजिनिअर झालो असतो, ही खंत माझी आहे, पोरीची नाही. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला प्रथमच सांगितले.

पिंपळपान, मुलीशी बोलणे झाले. तिला क्लास हवा आहे, पण संध्याकाळचा, आणि कॉलेजला रोज जायचे आहे, कारण तिच्या दोन मैत्रिणी तिथे असणार आहेत. तंत्रनिकेतनाविषयी तिला काहीच माहिती नव्हती, परीक्षा झाल्यावर आम्ही तिघे एखादे पाहून येणार आहोत. रविवारची मुदत आम्ही जाऊ दिली. परताव्याची अट लेखी मागितल्यावर समुपदेशकांनी वरिष्ठांशी बोलून कळवतो असे सांगितले, आणि त्यानंतर सवलत महिनाअखेरपर्यंत वाढवल्याचा निरोप आला.

ठेव तशीच राहील. जाऊबाईंकडे पुढच्या महिन्यात मुंज आहे आणि तिथे हा विषय निघणार हे नक्की, त्याचे दडपण गेलेले नाही. आता एवढेच विचारते की डोंबिवली किंवा कल्याणमध्ये अकरावी-बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्र लहान बॅचमध्ये शिकवणारे, सीईटीची तयारी करून घेणारे कुणी शिक्षक माहीत असल्यास व्यक्तिगत निरोपातून कळवावे.