ड्रॉवर काटकोनात आहे का, आतून कसं तपासता?

प्रश्न:
सागाचा ड्रॉवर जोडतोय, आतून ६०० बाय ४५० मिमी. कोपऱ्यात गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला तर सगळं बरोबर दिसतं, पण गम सुकल्यावर खणात घातला की अडकतो. टेप आतल्या कोपऱ्यात वाकतो, आकडा नीट लागत नाही. उपाय सांगा.

उत्तर:
दादा, टेप बाजूला ठेवा. सरळ रेषेच्या लाकडाच्या दोन पट्ट्या घ्या, ४८० मिमी लांब, १२ मिमी रुंद. प्रत्येकीचं एक टोक पटाशीसारखं तासून धारदार करा. टोकं बाहेर ठेवून पट्ट्या एकमेकींवर ठेवा, दोन रबरबँड लावा. तुमचा कर्ण ७५० मिमी, म्हणजे मधे २१० मिमी पट्ट्या एकमेकींवर राहतील. एका कर्णात टोकं कोपऱ्यात भिडवा आणि दोन्ही पट्ट्यांवर आडवी पेन्सिल रेघ मारा. आता दुसरा कर्ण. रेघा जुळल्या तर दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे सहसा ड्रॉवर काटकोनात. रेघा जुळल्या नाहीत तर जो कर्ण लांब, त्याच दिशेने शिकंजा (क्लॅम्प) हलका आवळा, दुसऱ्या कर्णात दिसणारं रेघांमधलं अंतर निम्मं होईपर्यंत. हे गम ओला असतानाच, पहिल्या पाच-दहा मिनिटांत. मी प्रत्येक खोक्याला हेच करतो, आकडा वाचायची गरजच पडत नाही.

आणखी एक उत्तर:
आधी समोरासमोरच्या फळ्या एकत्र धरून लांबी सारखी आहे ना बघा. त्यात २ मिमीचा फरक असेल तर कर्ण सारखे येऊनही कोपरे काटकोनात नसतात.

प्रश्नकर्ता:
फळ्या तपासल्या, मागची दीड मिमी आखूड निघाली! नवी कापतो, पट्ट्याही आजच तासतो.