मदत हवी आहे: चिगुसा-डंप लढतीतला गर्दीचा आवाज वाचवायचाय

मंडळी, २८ ऑगस्ट १९८५ ची ओसाका-जो हॉलमधली चिगुसा नागायो विरुद्ध डंप मात्सुमोतो ही जपानी महिला कुस्तीतली लढत (हरेल तिचे डोक्यावरचे केस कापायचे, अशी पैज) दहा मिनिटांच्या व्हिडिओत बसवायची आहे. रेकॉर्डिंग जुनं, मोनो. समालोचक आणि प्रेक्षक पोरींचा आक्रोश एकाच ट्रॅकवर.

आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर लावलं की समालोचनासोबत ‘चिगुसा’चा गजरही जातो, तोही माणसांचाच आवाज ना! नॉइज रिडक्शन किंकाळ्यांना खरखर समजतं. कॉम्प्रेसरने (मोठा-लहान आवाज एका पातळीला आणणारं साधन) तर सगळंच सपाट: रेफरी आबे शिरो डंपच्या नियमबाह्य खेळाकडे काणाडोळा करतो तेव्हाचा संताप आणि हरलेल्या चिगुसाचे केस रिंगमध्येच कापताना उठलेली रडारड एकाच पातळीवर येतात. नाट्य आहे ते या चढउतारातच.

सध्या समालोचक बोलतो तेवढ्याच तुकड्यांत १५० ते ८०० हर्ट्झ ४ डेसिबलने खाली आणलंय, २ ते ४ किलोहर्ट्झला हात लावलेला नाही. तरी तुकड्यांचे जोड कानाला खटकतात. जोडावरचा फेड (आवाज हळूहळू बदलणं) किती मिलिसेकंदांचा ठेवावा? की समालोचन राहू देऊन मराठी सबटायटल द्यावीत?

आणि नोव्हेंबर १९८६ ला दोघींच्या पुन्हा झालेल्या लढतीत हरून डंपचे केस गेले, तो तुकडा शेवटी जोडावा का? मला वाटतं, त्याने रडण्याची धार जाईल.